जो जोरात बुडबुडतो, त्याचा कॉक आवळ

पोरी, तू गप्पी आणि मॉलीसाठी रॅक लावलास, एका पंपावर सहा टाक्या जोडल्यास, आणि आता तीन टाक्यांत नुसती खळखळ, दोनमध्ये जेमतेम बुडबुडे आणि एकीत काहीच नाही, असं कळवलंस. मोठा पंप आणायला निघाली असशील तर थांब. मोठ्या पंपाने खळखळणाऱ्या टाक्या आणखी खळखळतील, गप्प असलेली टाकी बहुधा गप्पच राहील.

आमच्या वस्तादांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच: हवा सोप्या वाटेनं जाते. सहा वाटांपैकी जी सर्वांत सोपी, तिकडे ती धावते. म्हणून नळ्यांवरच्या कॉकना हात लावण्याआधी सहाही वाटा होता होईल तो सारख्या कर. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

वाट अवघड करणारी मुख्य गोष्ट म्हणजे नळीच्या टोकाच्या, बुडबुडे सोडणाऱ्या दगडावर उभं असलेलं पाणी. दर १० सेंटीमीटर पाण्यामागे साधारण १ किलोपास्कल दाब वाढतो. एक दगड २० सेंटीमीटर खोल असेल आणि दुसरा ४० सेंटीमीटर, तर दुसऱ्यातून बुडबुडा निघायला दुप्पट दाब लागतो, आणि तेवढा दाब साठण्याआधीच हवा पहिल्यातून निघून जाते. पुष्कळ जणांना वाटतं, वरच्या फळीवरच्या टाकीला हवा कमी पोचते कारण ती उंचावर आहे. तसं नसतं. फळी कुठलीही असो, मोजायचं ते दगडापासून त्याच टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तुझी गप्प टाकी रॅकमधली सर्वांत खोल टाकी आहे का, हे आधी पट्टी लावून बघ. असेल, तर तिथला दगड तळाला ठेवायचा हट्ट सोड. बाकीच्या टाक्यांत जेवढी खोली आहे तेवढ्यावर तो सक्शन कपाने काचेला चिकटव. तळाचं पाणी थोडं कमी हलेल, पण टाकी जिवंत राहील.

मग दगड. बारीक छिद्रांचा दगड सुंदर धुक्यासारखे बुडबुडे देतो, पण हवेला अडवतोही तेवढाच. एकाच रांगेत बारीक आणि जाडे दगड मिसळू नकोस. सगळे एकाच बनावटीचे घे आणि सगळे एकदमच बदल. एकच नवा घातलास तर तो एकटाच हवा ओढतो आणि पाच जुने मरगळतात. स्पंज फिल्टरचंही असंच. ज्याच्या आत दगड नसतो त्याची वाट मोकळी असते, तो शेजारच्या दगडांच्या तोंडची हवा पळवतो. त्याला वेगळा कॉक हवाच. नळीच्या लांबीची मात्र फार काळजी करू नकोस. घरातल्या रॅकमध्ये हात-दोन हात जास्त नळीने फारसा फरक पडत नाही, नळी कुठे दुमडलेली नसली म्हणजे झालं.

आता कॉक. सगळे पूर्ण उघड आणि थोडा वेळ थांब, नवे दगड भिजून स्थिर होऊ देत. मग सर्वांत कमजोर कोण ते बघ. त्याला अजिबात हात लावायचा नाही, तो आधीच पूर्ण उघडा आहे. सर्वांत जोरात जो चाललाय, त्याचा कॉक अगदी थोडा आवळ आणि पुन्हा थांब. एक आवळला की बाकी पाचही बदलतात, म्हणून घाई केलीस तर रात्रभर फिरवत बसशील. मग आता जो सर्वांत जोरात असेल त्याला आवळ. असं करत करत कमजोराला उरलेली हवा मिळते.

असे कॉक आवळून झाल्यावर पंपाचा आवाज जड झाला, हात लावला तर नेहमीपेक्षा गरम लागला, तर समज की हवा आत कोंडली आहे. त्यात पंपातला रबरी डायफ्राम लवकर फाटतो. एक जादा कॉक ठेव आणि त्यातून जास्तीची हवा खोलीत सोडून दे. हवा वाया जाते असं मनात आणू नकोस.

रॅक वाढवायचा विचार असेल तर ते प्लॅस्टिकचे गँग व्हॉल्व्ह एकाला एक जोडत बसू नकोस. ठिबक सिंचनाच्या दुकानात जा. १६ मिलिमीटरची लॅटरल नळी घे, रॅकच्या वर तिचं पूर्ण कडं कर, दोन्ही टोकं एका टीमध्ये आण आणि टीच्या तिसऱ्या तोंडाला पंप जोड. कड्यात हवा दोन्ही बाजूंनी येते, त्यामुळे शेवटची टाकी अशी कुठली राहतच नाही. त्या लॅटरलचं पोट ४ मिलिमीटरच्या हवेच्या नळीच्या दहापटीहून मोठं असतं. म्हणून कड्यात कुठेही दाब जवळपास सारखाच राहतो आणि जो काही फरक उरतो तो दगडांचा आणि खोलीचा. तो कॉकने सहज सुटतो. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लाव. जिथे फुगा येईल तिथून हवा चोरीला जाते आहे.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांग. तशी जागा नसेल तर प्रत्येक टाकीच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाल, पंपाजवळच्या एकावर भागवू नकोस. लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं चढलं तर ते पंपापर्यंत येऊ शकतं, नाहीतर कड्यातून दुसऱ्याच टाकीत. आजारी टाकीचं पाणी पिल्लांच्या टाकीत गेलेलं तुला परवडणार नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर दगडांवर पांढरा थर बसतो. ते व्हिनेगरमध्ये भिजव आणि भरपूर धू. शेवाळासाठी ब्लीच वापरणार असशील तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यात. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो माणसाला बाधतो. स्वस्त दगड असेल तर सरळ टाकून दे.

हे सगळं एप्रिल-मेच्या आधी उरक. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. बुडबुडा स्वतः थोडाच प्राणवायू देतो. तो पाणी वर उचलतो, पृष्ठभाग हलवतो, आणि खरा प्राणवायू तिथून पाण्यात जातो. त्यामुळे सहाही टाक्यांत पृष्ठभाग सारखा थरथरतो आहे ना, एवढंच बघायचं. एकीत कारंजं उडायची गरज नाही.

आणि लाईट परत आल्यावर रॅकसमोर एक फेरी मार. तेवढ्या वेळात दगडाच्या छिद्रांत पाणी शिरतं, आणि सर्वांत खोल दगड कधीकधी पुन्हा सुरूच होत नाही. अशा वेळी कॉक फिरवू नकोस, बसवलेलं सगळं बिघडेल. बाकीच्या पाच नळ्या चिमटीत दुमडून धर. हात पुरणार नाहीत, तर कपडे वाळवायचे चिमटे जवळ ठेव. सगळा दाब त्या एकावर आला की तो आतलं पाणी बाहेर टाकतो आणि बुडबुडू लागतो. मग चिमटे एकेक करून सोड.