जुनी नोंद, नवे रूळ

समजा, एखाद्या जुन्या ज्ञानकोशात तुम्हाला हे वाक्य आढळले: ‘सध्या कुर्डुवाडी-बार्शी-लातूर मार्गावर छोटी गाडी हळूहळू धावते.’ लिहिले तेव्हा ते खरे होते; आज नाही. मग ते कसे सुधाराल?

पहिला दोष ‘सध्या’ या शब्दात आहे. पुस्तक जुने होते, पण वाचणाऱ्याला ‘सध्या’ म्हणजे आजच वाटते! म्हणून साल द्या. हा लोहमार्ग १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाला आणि १९११ मध्ये लातूरला पोचला. अशी विधाने शिळी होत नाहीत.

‘छोटी’ म्हणजे किती? येथे माप हवे. त्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते. २००८ पर्यंत रुंदीकरण पुरे झाले आणि ते १,६७६ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक झाले.

राहिला ‘हळूहळू’. वेळापत्रकातील अंतराला लागलेल्या तासांनी भागा, की सरासरी वेग मिळेल. मात्र वेळापत्रक कोणत्या सालचे, हेही लिहा.

आता तुमच्या गावच्या गाडीची नोंद काढा आणि असे शब्द शोधून पाहा. किती सापडतात?