खिडकी पुसा, खिडकी उघडा



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये साफसफाईला जोर येतो. भिंतींना रंग लागतो, भांडी खाली उतरतात, गोधड्या धुऊन निघतात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा पुसून त्यांना नवा हार चढतो. राहते ती खिडकी. तिच्या गजांवर कपडे वाळत असतात, कट्ट्यावर डबे आणि पिशव्या रचलेल्या असतात आणि काचेवर धूळ, धूर व फोडणीचा तेलकट थर बसलेला असतो. अशी खिडकी हळूहळू उघडणेच बंद होते आणि भिंतीचाच एक भाग होऊन जाते.

आरोग्याच्या पानावर खिडकी कशाला, असे कुणी विचारील. क्षयरोग म्हणजे टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपतात, तिथे एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो. खिडकी आणि दार समोरासमोर उघडे असले की हवा खेळती राहते आणि जंतूंची दाटी कमी होते. दमा असलेल्या मुलाला कोंडलेल्या धुराचा आणि ओलीच्या बुरशीचा त्रास होतो, त्यालाही हाच उपाय लागतो.

विनयात सांगितलेली खिडकी

ही काही आजची शिकवण नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंनी निवासाची निगा कशी राखावी हे बारकाईने सांगितले आहे. जाळीजळमटे आधी वरून काढावीत, खिडक्या आणि कोपरे पुसावेत. भिंत डागाळली असेल तर फडके भिजवून, पिळून मग पुसावी. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या ठेवून रात्री बंद कराव्यात, उन्हाळ्यात दिवसा बंद ठेवून रात्री उघडाव्यात. धुळीचा वारा ज्या दिशेने येत असेल त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. ‘वरून खाली’ आणि ‘फडके पिळून’ या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी अर्धे काम सोपे होते.

काचेवर रेघा का उमटतात?

पुसूनही काच पांढुरकी दिसते याची तीन कारणे आहेत. साबण जास्त होतो आणि त्याचा थर काचेवर राहतो. उन्हात पुसल्यामुळे आपण कोरडी करण्याआधीच पाणी वाळते आणि त्यातले क्षार मागे राहतात; बोअरवेलच्या जड पाण्यात हे जास्त घडते. तिसरे कारण फडके: ते मळके किंवा नायलॉनचे असते, त्यामुळे पाणी टिपले न जाता नुसते पसरते. म्हणून साबण थोडा, वेळ सावलीची आणि फडके सुती, एवढे सांभाळले की काच स्वच्छ निघते.

साहित्य आणि कृती

महागडा स्प्रे लागत नाही. अर्धी बादली पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दोन फडकी, जुना टूथब्रश आणि जुने वर्तमानपत्र पुरे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काम करा.

१. नाकातोंडाला रुमाल बांधा. कट्टा मोकळा करा. कोरडा झाडू मारू नका, धूळ उडून घरभर होते. ओलसर फडक्याने चौकट आणि गज वरून खाली पुसा. कबुतराची विष्ठा असेल तर आधी पाणी शिंपडून भिजवा, मगच काढा.

२. सरकत्या खिडकीच्या खाचेत माती बसते, म्हणून ती अडकते. टूथब्रशने माती मोकळी करा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या.

३. मच्छरदाणीची जाळी निघत असेल तर काढून साबणाच्या पाण्याने धुवा. निघत नसेल तर दोन्ही बाजूंनी ओले फडके फिरवा. जाळी धुळीने बुजली की खिडकी उघडी असूनही हवा येत नाही.

४. आता काच. पहिले फडके साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि वरून खाली पुसा. मग तेच फडके साध्या पाण्यात खळबळून, पिळून पुन्हा फिरवा.

५. काच ओली असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. शेवटी वर्तमानपत्राचा बोळा करून चोळा. आतून आडवा हात आणि बाहेरून उभा हात फिरवला, तर राहिलेली रेघ कोणत्या बाजूची आहे ते लगेच कळते.

एका खिडकीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पुढे आठवड्यातून एकदा ओलसर फडके फिरवले की एवढे कष्ट पुन्हा पडत नाहीत. हे काम घरातल्या बाईनेच करायचे असे कुठे लिहिलेले नाही. श्वास सगळेच घेतात, फडकेही सगळ्यांच्या हाती असावे.

स्वयंपाकाजवळच्या काचेवरचा तेलकट थर कोमट साबणाच्या पाण्याचे फडके पाच मिनिटे चिकटवून ठेवले की सुटतो. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या चौकटीला लावू नका, ती काळी पडते. जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने चोळा आणि मग साध्या पाण्याने पुसा.

जिवाला जपा

संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि लहान खोलीत जीव घुसमटतो. वरच्या मजल्यावर कट्ट्यावर चढून किंवा बाहेर वाकून काच पुसू नका. हात पोहोचतो तेवढीच पुसा, पुढे काठीला फडके बांधा. आपल्या कितीतरी आयाबहिणी मोठ्या सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. तिथे कुणी बाहेरच्या बाजूने काच पुसायला उभे राहा म्हटले तर सरळ नाही म्हणा. दुसऱ्याच्या काचेची चमक आपल्या जिवापेक्षा मोठी नाही.

पुसली, पण उघडायची कशी?

घरभेटींमध्ये आम्हांला खिडकी बंद असण्याची कारणे ऐकायला मिळतात: नाल्याचा वास, डास, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा. कारणे खरी आहेत, म्हणून उपायही साधे हवेत. डासांसाठी जाळी लावा. नजरांसाठी खालच्या अर्ध्या भागालाच पडदा लावा, वरचा भाग मोकळा राहू द्या. वास येत असला तरी सकाळी आणि निजण्याआधी काही वेळ दार-खिडकी दोन्ही उघडा. पत्र्याच्या घराला खिडकी नसेल तर वरच्या बाजूला सिमेंटची जाळी बसवा आणि छतात एक पारदर्शक पत्रा घाला. बंद काचेतून उजेड येतो, पण हवा येत नाही. आणि अंगात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधी काच अडवते. म्हणून नुसती चकचकीत काच पुरेशी नाही, ती उघडली पाहिजे.

घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, सायंकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार साधारण सहा महिने किंवा जास्त चालतात, ते मध्येच सोडायचे नाहीत. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. रुग्णाला खिडकीजवळची जागा द्या आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. त्याचे ताट-वाटी वेगळी काढू नका. क्षय भांड्यांतून पसरत नाही. ताट वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

जी खिडकी फडक्याने साफ होत नाही

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा-उजेड पोहोचवणे हा त्याचा एक हेतू होता. परळच्या ज्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, ती याच ट्रस्टची. म्हणजे घराला वारा लागतो, हे सरकारला शंभर वर्षांपूर्वीही कळत होते. तरीही गोवंडीच्या नटवर पारेख आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. या कोंदटपणाचा तिथल्या क्षयाशी संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. समोर हातभर अंतरावर भिंत असेल तर फडक्याने काय होणार?

म्हणून पुनर्विकासाचा नकाशा दाखवायला माणसे येतील तेव्हा खोलीचे चौरस फूट विचारून थांबू नका. खिडकी कोणत्या दिशेला, समोरची इमारत किती फुटांवर आणि तळमजल्याला ऊन किती वेळ, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विहाराच्या बैठकीत हा विषय ठेवा, सह्या एकत्र करा.

आपल्या वस्त्यांना ‘घाण’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना दाखवण्यासाठी खिडकी पुसायची नाही. आपल्या लेकराला श्वास मिळावा म्हणून पुसायची, आणि जिथे खिडकीच मिळाली नाही तिथे ती हक्काने मागायची. यंदा जयंतीच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घराने आपली एक खिडकी आणि सर्वांनी मिळून विहाराच्या सगळ्या खिडक्या पुसाव्यात, अशी आमची विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!