चुंबकाची भुकटी आणि वाहन उद्योगाचे परावलंबन

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांची निर्यात परवान्याखाली आणली. दिल्लीलगतच्या गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातील वाहन आणि सुटे भाग उद्योगापुढे त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न उभा राहिला. विशेष म्हणजे, विजेवरील मोटारींच्या चुंबकांतील मुख्य दुर्मिळ मूलद्रव्य निओडिमियम हे त्या यादीत नव्हतेच. यादीत होते डिस्प्रोसियम आणि टर्बियम. मोटर तापल्यावर चुंबकत्व टिकून राहावे यासाठी ही दोन मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळावी लागतात. अडवणूक झाली ती या चिमूटभर घटकामुळे.

भारतात मोनाझाइटचे विपुल साठे आहेत, हे वाक्य परीक्षार्थींच्या उत्तरांत हमखास आढळते. ते खरेही आहे. अणुऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार १.३१५ कोटी टन मोनाझाइटमध्ये सुमारे ७२.३ लाख टन दुर्मिळ मृदा ऑक्साइड आहे. परंतु आपल्या मोनाझाइटमध्ये प्रामुख्याने निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्येच मिळतात. शिवाय त्यात थोरियम असल्याने उत्खनन अणुऊर्जा कायद्याच्या चौकटीत होते. १९५० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल, हे काम करीत आली आहे. मात्र वाळू ते चुंबक या मार्गात ऑक्साइड, धातू, मिश्रधातू, भुकटी आणि चुंबक असे टप्पे येतात. मूल्यवृद्धी मधल्या टप्प्यांत होते आणि नेमके तेच टप्पे देशात कमकुवत आहेत.

यांपैकी भुकटीचा टप्पा समजून घेण्यासारखा आहे. निओडिमियमचे दोन, लोहाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू असे या संयुगाचे सूत्र आहे. नेहमीच्या पद्धतीत वितळवून केलेला मिश्रधातू काही मायक्रोमीटरपर्यंत दळतात, चुंबकीय क्षेत्रात कण एका दिशेला वळवतात आणि सुमारे १,००० ते १,१०० अंश सेल्सिअसला तापवून घट्ट पिंड बनवतात. यांत्रिक मिश्रधातूकरणात वितळवणे मुळी नाहीच. जॉन बेंजामिन यांनी १९६० च्या दशकात निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूंसाठी हे तंत्र विकसित केले. १९८७ मध्ये सीमेन्सच्या प्रयोगशाळेत लुडविग शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ते या चुंबकांसाठी वापरले. घटकांच्या भुकट्या पोलादी गोळ्यांसह गिरणीत आर्गॉन वायूत अनेक तास घुसळल्या जातात. कण चेपतात, एकमेकांना चिकटतात, पुन्हा फुटतात आणि लोह-निओडिमियमचे अतिसूक्ष्म थर तयार होतात. त्यानंतर सुमारे ६०० ते ७०० अंशांवर अल्पकाळ तापवले, की चुंबकीय संयुग बनते. प्राणवायूचा शिरकाव झाला तर निओडिमियम गंजते, म्हणून खरा खर्च गिरणीपेक्षा ही दक्षता घेण्यात असतो.

या भुकटीतील स्फटिककण अतिसूक्ष्म असल्याने डिस्प्रोसियमविना चुंबकत्व टिकवण्याची ताकद मिळू शकते. अडचण अशी, की कणांच्या दिशा विस्कळीत राहतात. पूर्ण दिशाबद्ध चुंबकाच्या तुलनेत शिल्लक चुंबकत्व साधारण निम्मे भरते. छोट्या मोटरींना ते चालते, चाके फिरवणाऱ्या मोटरीला नाही. यावर उपाय म्हणजे अशा सूक्ष्मकणी भुकटीचा पिंड गरम असतानाच दाबून कणांना दिशा देणे. २०१६ मध्ये होंडा आणि दाइदो स्टील यांनी वितळधातू झटपट थंड करून मिळवलेल्या भुकटीपासून असे चुंबक बनवले. जड दुर्मिळ मूलद्रव्यांशिवायचे हे चुंबक हायब्रिड मोटारीत बसवण्यात आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वार्षिक ६,००० टन क्षमता, जास्तीत जास्त पाच उत्पादक, ७५० कोटी भांडवली अनुदान आणि ६,४५० कोटी विक्रीशी निगडित प्रोत्साहन, असे तिचे स्वरूप आहे. विक्रीवर पैसे देण्याचे तत्त्व योग्यच आहे, कारण नुसते कारखाने उभारून चीनच्या दरांशी स्पर्धा होत नाही. तथापि ही योजना उच्च तापमानाला घट्ट केलेल्या चुंबकांपुरती आहे. डिस्प्रोसियमची गरज टाळणारी भुकटी या चौकटीबाहेर राहते, ही तिची उणीव म्हणावी लागेल.

कच्चा माल केवळ किनाऱ्यावरच आहे असेही नाही. दिल्लीच्या सीलमपूर भागात जुने संगणक सुटे केले जातात आणि प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये निओडिमियमचा चुंबक असतो. हायड्रोजनच्या सान्निध्यात असा चुंबक आपोआप भुरभुरीत होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेली १,५०० कोटींची पुनर्चक्रण प्रोत्साहन योजना ई-कचऱ्यासाठीही आहे. तिचा लाभ संघटित कारखान्यांबरोबरच सीलमपूरच्या कारागिरांपर्यंत कसा पोहोचवायचा, हे अद्याप ठरायचे आहे.