मोठ्या कंपन्यांचे बळ आणि जबाबदारी : धान्यव्यापाराचा एक धडा

आधुनिक भांडवलशाहीत मोठ्या कंपन्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न पंडितांचा असे समजून आपण तो बाजूस सारतो. परंतु ज्या धान्यावर आमची पेढी चालते, त्याच धान्याच्या आंतरराष्ट्रीय उलाढालीचा फार मोठा भाग मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. म्हणून हा विषय आम्ही धान्याच्याच उदाहरणाने मांडू इच्छितो.

प्रथम पेढी आणि कंपनी यांतील भेद ध्यानात घ्यावा. पेढी बुडाली तर धनको मालकाच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतो. कंपनीच्या भागधारकाचे तसे नाही. इंग्लंडात १८५५ च्या आणि हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती मर्यादित करण्याची सोय झाली. शिवाय कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय. भागधारक मरतो, कंपनी मरत नाही. वाटणीत पेढी फुटते, कंपनी टिकते.

यातूनच तिला बळ येते. बुंगे ही कंपनी १८१८ ची, लुई ड्रेफस १८५१ ची. १८६५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात विल्यम कारगिल यांनी धान्याच्या एका कोठारापासून आरंभ केला. आज त्या कंपनीचा व्यवहार अनेक देशांत पसरला असून तिची मालकी मुख्यतः कुटुंबीयांकडेच आहे.

न्यायाने पाहता जमेची बाजू लहान नाही. साठ हजार टन गहू वाहणारे जहाज म्हणजे दहा टनी मालमोटारीच्या सहा हजार खेपा. ते भरण्यास लागणारी कोठारे, धक्के आणि भांडवल एका पेढीच्या आवाक्यातील नव्हे. एका खंडात दुष्काळ असता दुसऱ्या खंडातील धान्य तेथे पोहोचते, त्यात या कंपन्यांचा वाटा आहे.

आता नावेची बाजू पाहू. १९७२ साली सोव्हिएत रशियात पीक बुडाले. त्या उन्हाळ्यात रशियाच्या प्रतिनिधींनी अमेरिकेतील अनेक कंपन्यांशी वेगवेगळे आणि गुप्तपणे सौदे करून सुमारे १ कोटी २० लाख टन गहू घेतला. एकीने किती विकला हे दुसरीला पुरते ठाऊक नव्हते. सरकार तर निर्यातीस अनुदान देतच राहिले. मात्र मोठे गिऱ्हाईक बाजारात उतरले आहे, एवढे कंपन्या जाणून होत्या. शेतकऱ्याला तेही ठाऊक नव्हते. दक्षिणेकडील राज्यांत कापणी लवकर होते. तेथील पुष्कळ शेतकऱ्यांनी आपला गहू जुन्या, पडत्या भावाने आधीच विकून टाकला होता. पुढे भाव चढत गेले. इतर कारणेही त्यात मिसळली आणि १९७४ च्या आरंभी गहू सुमारे तिप्पट झाला. त्याची झळ आयात करणाऱ्या गरीब देशांना लागली.

येथे कोणी तराजूत खोट केली नव्हती. एकाला बाजार दिसत होता, दुसऱ्याला दिसत नव्हता, इतकेच. कंपनीचे खरे भांडवल केवळ पैसा नसून बातमी आहे, हे या प्रकरणातून शिकावे.

अमेरिकेने यावर जो उपाय केला तो मननीय आहे. कंपन्या मोडल्या नाहीत. १९७३ च्या कायद्याने प्रमुख धान्यांच्या निर्यातसौद्यांची माहिती सरकारला देणे बंधनकारक केले. ती दर आठवड्यास प्रसिद्ध होते. एका दिवसात एकाच देशाला एक लाख टन वा अधिक माल विकला तर दुसऱ्या कामाच्या दिवशी कळवावे लागते. बातमी सर्वांची झाली की लहान माणसालाही भाव करता येतो.

कंपन्या मात्र अधिकच मोठ्या होत आहेत. २०२५ साली बुंगे आणि व्हिटेरा एकत्र आल्या. गृहस्थाला परिग्रहपरिमाणाचे व्रत घेता येते, कारण लोभाची लाज त्याच्या मनाला वाटते. कंपनीला मन नाही, म्हणून तिला व्रत देता येत नाही. तिला नियमच लागतो. तिची जबाबदारी कायद्याने मर्यादित केली, तर तिची गुप्तताही कायद्यानेच मर्यादित करणे न्याय्य ठरेल.

आणि हाच न्याय आम्ही आपल्यालाही लावतो. अडत्याच्या दारात गाडी सोडणाऱ्या शेतकऱ्यापुढे आमची पेढीही मोठी कंपनीच असते. त्याला आजचा खरा भाव आधी सांगावा, मग पोत्याला हात लावावा.