काळ्या कातळातील छिद्रे आणि पृथ्वीचे प्राचीन हवामान
(वरच्या इयत्तांसाठी परिसरपाठ)

साजगाव, खोपोली, कर्जत या बाजूच्या शाळांतून भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकास एक मोठी सोय लाभलेली आहे. पूर्वेकडे मान वळविली की सह्याद्रीची भिंत समोर उभी असते. या भिंतीच्या आधारे केवळ डोंगर व नद्याच नव्हे, तर पृथ्वीचे हवामान प्राचीन काळी कसे पालटले हेही मुलांना शिकविता येते.

आरंभीच एक गैरसमज दूर करावा. पुस्तकातील चित्रामुळे ज्वालामुखी म्हणजे धूर ओकणारा शंकूच्या आकाराचा डोंगर, असे मुलांच्या मनात बसलेले असते. तसा डोंगर आपल्याकडे दिसत नाही. तेव्हा येथे ज्वालामुखी कधी नव्हताच, असे ती समजतात. वस्तुतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त लाव्हा वाहून आला आणि थरावर थर साचत गेले. त्याने व्यापलेला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही शिल्लक आहे. बोरघाटाचा कडा म्हणजे या थरांची तुटलेली कड होय.

साजगावची विठोबाची यात्रा कार्तिकात भरते, सुक्या मासळीचा बाजार मांडला जातो, त्या सुमारास पाऊस सरून हवा निवळलेली असते. निरीक्षणास हेच दिवस योग्य. पावसाळ्यात मुलांना कड्याखाली मुळीच नेऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

दुरून पाहताना काळ्या कातळाचे उभे टप्पे आणि त्यांमधील गवताळ आडव्या पट्ट्या मुलांकडून मोजून घ्याव्यात. दोन कातळांमध्ये कोठे कोठे विटेसारखा तांबडा पट्टा आढळतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात ऊनपावसाने झिजलेली ही माती. तीत कोठे दूरवरून आलेली ज्वालामुखीची राखही मिसळलेली आहे. अशा पट्ट्यांतील झिरकॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांवरून या उद्रेकांचा काळ ठरविण्यात आला व ते संशोधन २०१५ आणि २०१९ साली प्रसिद्ध झाले. मुख्य लाव्हा १० लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला, असे त्यावरून दिसते. मधल्या विसाव्यात जीवसृष्टी परत येत असे. मुंबईस वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधील गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले; त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ सालीच केले होते.

आता बांधावरचा एखादा छिद्रे असलेला काळा दगड वर्गात आणावा. काही छिद्रे रिकामी, तर काही पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात. भाकरी भाजताना वाफेने पापुद्रा फुगतो, त्याप्रमाणे लाव्हातील वायू बाहेर पडू पाहत असता त्यांचे बुडबुडे येथे अडकले. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू हे त्यांतील प्रमुख. जे अडकले नाहीत ते हवेत गेले, आणि खरी कथा त्यांचीच आहे.

येथे शिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी. ज्वालामुखीने पृथ्वी तापते की थंड होते, या प्रश्नाला एकच उत्तर देऊन मोकळे होणे चूक ठरेल. गंधकाच्या वायूपासून हवेत सूक्ष्म कणांचे धुके बनते व ते सूर्यप्रकाश अडविते. म्हणून थंडी पडते. परंतु हे कण थोड्याच वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षे हवेत साचून राहतो व उष्णता धरून ठेवतो. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी येथे अशीच भेग उघडली आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला. विषारी धुके युरोपभर पसरले. आइसलंडात गुरे मेली, दुष्काळ पडला व सुमारे पाचवा हिस्सा लोक दगावले. दख्खनचा लाव्हा १० लाख घन किलोमीटरांहून अधिक होता, असा अंदाज आहे. भागाकार मुलांनीच करावा. ६६ हजारांहून अधिक लाकी एकत्र होतील.

डायनोसॉर नष्ट झाले त्याच्या आधीच्या काही लाख वर्षांत पृथ्वी काही अंशांनी तापली व पुन्हा थंडावली. तिचे तापणे बहुतेक संशोधक दख्खनच्या वायूंशी जोडतात. पुढे मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळली. संहारात दोहोंचा वाटा किती, हा वाद अद्याप चालू आहे. मुख्य आघात अशनीचा, असे बहुसंख्य मानतात. तेव्हा ‘आपल्या सह्याद्रीने डायनोसॉर मारले’ असे वर्गात ठासून सांगू नये. मुलांना ते फार आवडते, म्हणून तर अधिकच नको.

एक प्रयोग करावा. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी पेल्यात घ्यावी. पपईच्या देठाच्या नळीने शिक्षकांनी स्वतः तीत फुंकर घालावी. निवळी तोंडात ओढली जाऊ नये. ती दुधाळ होते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून चुनखडीचे कण बनले. निसर्गात हेच निराळ्या मार्गाने घडते. पाऊस हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या कातळावर पडतो, कातळातील कॅल्शियम विरघळवून नदीवाटे समुद्रात नेतो आणि तेथे चुनखडी साचते. पाताळगंगेचे पाणी आजही हे काम करीत आहे. ज्या खडकाने वायू सोडला, तोच तो परत घेत आहे.

यावर एखादे चौकस मूल विचारील, ‘मग गुरुजी, कारखान्यांचा नि मोटारींचा धूरही हा कातळ गिळून टाकील ना?’ गिळील, पण त्यास लाखो वर्षे लागतील. जगातील सर्व ज्वालामुखी आज वर्षभरात जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपटीच्या आसपास मनुष्य कोळसा व तेल जाळून सोडतो. फळ्यावर शेजारी शेजारी १ आणि १०० हे आकडे लिहावेत आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलासच त्यांचा अर्थ वर्गाला सांगू द्यावा.