वीजबिलापासून सुरुवात कर

चि. मुग्धा हीस,


मोबाइलवर प्रश्नावली भरलीस आणि ‘सगळे तुमच्यासारखे राहिले तर दोनहून जास्त पृथ्व्या लागतील’ असं उत्तर आलं, म्हणून तू अस्वस्थ आहेस. झालीस ते बरंच झालं. पण तो आकडा कुठून येतो ते समजून घे, नाहीतर चार दिवस कापडी पिशवी वापरशील आणि विसरून जाशील.

‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ नावाची ही मोजणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांनी बसवली. आपण खातो, नेसतो, जाळतो ते पुरवायला आणि आपला कार्बन डायऑक्साइड जिरवायला किती सुपीक जमीन-पाणी लागतं, ते ग्लोबल हेक्टरमध्ये (म्हणजे जगातल्या सरासरी सुपीक हेक्टरमध्ये) मांडायचं. जगात माणशी जेमतेम दीड ग्लोबल हेक्टर वाट्याला येतं. भारताची सरासरी त्याहून कमी आहे, आणि तिथेच आपण शहरातली माणसं फसतो. त्या सरासरीत मेळघाटातलं एक दिवा लावणारं घर आणि तुमचा वाकडचा फ्लॅट एकत्र धरलेत. देशाचा आकडा कमी, म्हणून तुझा कमी होत नाही.

जगाच्या फूटप्रिंटमध्ये निम्म्याहून जास्त वाटा कार्बनचा आहे, म्हणून आधी तोच मोज. प्रश्नावली अंदाजाने चालते. तुझ्याकडे तर वीजबिल आहे, त्यावर मागच्या महिन्यांचे युनिटही छापलेले असतात. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धर. एक लिटर पेट्रोलचा २.३ किलो. १४.२ किलोचं सिलिंडर संपलं की सुमारे ४२ किलो. तिघी राहता, तर वीज आणि गॅस तिघींत वाटा; स्कूटीचं पेट्रोल मात्र तुझं एकटीचं. पुणे-दिल्ली विमानाला एका फेरीचे शंभर किलोच्या आसपास लिही. वहीत ही बेरीज मांडलीस की प्लास्टिकच्या स्ट्रॉवरून होणारे वाद किती किरकोळ आहेत ते कळेल. (स्ट्रॉ वापरू नकोसच, पण त्याने समाधान मानू नकोस.)

एसीचं वेगळं सांगते. रात्रभर चालला तर सहा-आठ युनिट सहज जातात. ग्रिडमधली वीज नेमकी कुठून आली हे सांगता येत नाही, पण राज्यातली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते. पुढच्या वेळी आलीस की तुला चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर कोळसा खाणीच्या बाजूला नेईन. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आहेत तिथे. पावसाने त्यांच्या अंगावर हात जाईल एवढे चर पडतात. फूटप्रिंटमधला ‘हेक्टर’ म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर आकड्यांपेक्षा लवकर कळतं.

एसी २६ वर ठेव, पंखा लाव. ताटात उरलेलं अन्न फेकू नका. पण तुमच्या इमारतीची मोकळी गच्ची मला याहून महत्त्वाची वाटते. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे सौर पॅनेलवर चालू शकतात. भाडेकरू असलीस तरी घरमालकामार्फत सोसायटीच्या सभेत हा विषय मांडता येतो. जाताना सोसायटीच्या मीटरची वर्षभराची बिलं घेऊन जा. सेक्रेटरी हरकत काढतील ती खर्चाची असेल, म्हणून दोन ठिकाणची दरपत्रकं आधीच मागवून ठेव. बिलांचे फोटो मला पाठव, हिशेब मी तपासून देते.

तुझी,
आत्या