पिकअपच्या पाट्यांची कुरकूर

(नाशिक जिल्ह्यातलं कमानपाट्याचं एक दुकान. ताईंची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे आणि रोपांचे ट्रे शेतकऱ्यांकडे पोचवायला एक पिकअप. मिस्तरींची हयात पाटे बांधण्यात गेली आहे. गॅरेजमध्ये ‘चालतंय हो, जुनी झाली गाडी’ म्हणून बोळवण होते ती बहुतेक याच तक्रारीची.)

ताई : मिस्तरी, गाडी मागून फार ओरडते हो. स्पीडब्रेकर आला की सगळं गाव वळून बघतं. ड्रायव्हर म्हणतो, पाट्यांवर जळकं ऑइल मारू, गप होईल.

मिस्तरी : होईल की, आठ-पंधरा दिवस. मग ऑइलला धूळ चिकटणार, तिचा लगदा पाट्यांच्या मधे शिरणार आणि पॉलिश पेपरसारखा पाटा घासत बसणार. तेच ऑइल ओघळून रबरी बुशांवर गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं. एक आवाज घालवताना दुसरा विकत घ्यायचा. आधी मला सांगा, आवाज कुईकुई येतो की खट्?

ताई : कुईकुईच जास्त. पण गाडी जागची उचलताना कधीकधी खट् असंही होतं.

मिस्तरी : मग दोन वेगळी दुखणी आहेत. कुईकुई म्हणजे काहीतरी घासतंय, तो निव्वळ कानाला त्रास. खट् म्हणजे काहीतरी ढिलं होऊन जागचं हलतंय. त्याच्याकडे बघायलाच हवं. बरं, पावसात कुईकुई थांबते का?

ताई : थांबते! गाडी धुतली तरी थांबते, वाळली की पुन्हा सुरू.

मिस्तरी : म्हणजे आवाज बहुतेक पाट्यांच्या मधलाच. अहो, गाडी दबली की कमान सपाट व्हायला बघते आणि प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावर थोडा सरकतो. त्या घासण्यानं उसळी मरते, शॉकअपचं थोडं काम पाटेच करतात. म्हणून सरकणं बंद पाडायचं नाही, नुसतं बिनआवाजी करायचं. सगळा जोर येतो खालच्या पाट्याच्या टोकावर. इथं वाका जरा. या टोकाच्या वर, वरच्या पाट्याला खाच पडलीय, दिसली? मधे लखलखीत आणि कडेला तांबूस भुकटी. इथं नायलॉनची चकती असते. ती झिजून गेली आणि लोखंडावर लोखंड आलं.

ताई : पण ओरडणारं टोक नेमकं हेच, कशावरून?

मिस्तरी : पोरगा मागच्या फाळक्यावर उभा राहून गाडी हलवेल. मी बाटलीनं एकेका टोकावर पाणी सोडतो. ज्या टोकावर पाणी पडल्यावर आवाज दबतो, ते गुन्हेगार. बुशावर पाणी टाकल्यावर दबला तर बुश. पाच मिनिटांचं काम, पण लोक त्याआधीच ग्रीसचा डबा उघडतात.

ताई : सापडलं की मग?

मिस्तरी : पुढच्या चाकांना दगड लावायचे, मागून चासीखाली घोड्या द्यायच्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरायचं नाही. एक्सल लोंबला की पाट्यांवरचा भार जातो, टोकं थोडी उघडतात. क्लिपा सोडून तारेच्या ब्रशनं गंज काढायचा आणि नव्या चकत्या बसवायच्या. चकती असेल तिथं ग्रीस नको, ती कोरडीच चालते. ज्या पाट्यांना चकतीची सोयच नाही, तिथं ग्रॅफाइटचं ग्रीस, तेही पातळ हातानं. सेंटर बोल्ट मात्र घरी सोडू नका. पाटे दाबून बांधलेले असतात, शिकंजा न लावता नट काढला तर उसळून अंगावर येतात.

ताई : भावाच्या नव्या गाडीला दोन-तीनच पाटे आहेत. तिचा तर आवाजच नाही.

मिस्तरी : ते पॅराबोलिक. मधे जाड, टोकाकडे पातळ. एकमेकांना मधे आणि टोकालाच टेकतात, घासायला जागाच कमी.

ताई : आणि ते खट्?

मिस्तरी : मेन पाट्याची दोन्ही टोकं वळवून त्यात बुश बसवलेले असतात. पुढचं टोक चासीला पक्कं, मागचं शॅकलवर झुलतं, कारण पाटा दबला की लांबतो. टॉमी घालून हलवून बघतो... हा बघा, मागचा बुश खलास, पिन खेळतेय. बुश बदलला तर आवाज जाईल, पण बदलताना बहुतेक जण एक घोळ घालतात. गाडी घोडीवर, एक्सल लोंबतोय आणि तशातच बोल्ट आवळून मोकळे. गाडी खाली आली की पाटा फिरतो, पण रबर बोल्टानं धरून ठेवलेलं. ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा हलवायची आणि मगच शेवटचा आवळ द्यायचा.

ताई : म्हणूनच मागच्या वर्षी घातलेले बुश टिकले नाहीत की काय?

मिस्तरी : असेल. मी काही तिथं उभा नव्हतो. आता यू-बोल्ट बघू. एक्सलच्या बैठकीपाशी गंजाचे ओघळ आहेत, म्हणजे तिथंही हालचाल आहे. पाटे एक्सलला दाबून धरतात ते यू-बोल्ट. सेंटर बोल्टाचं डोकं भोकात बसून फक्त जागा धरतं. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा झटका त्या एका बोल्टावर येतो आणि तो तुटतो. मग एक्सल एका बाजूला मागं सरकतो, गाडी तिरकी चालते. फीत लावून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं, सारखं आहे. वेळेवर आलात. यू-बोल्ट नवेच टाकू, एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नसतात.

ताई : ड्रायव्हर म्हणतो, आलोच आहोत तर एक जादा पाटाही टाकून घ्या. परतीला कांदा भरता येईल.

मिस्तरी : टाकता येईल, पण आरसीवरचं वजन पाट्यानं वाढत नाही. टायर, ब्रेक, एक्सल तेच. पकडलं तर 2019 पासून दंड 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. आणि तुमचा माल हलका. पाटे कडक झाले की ट्रेमधली रोपं हादऱ्यानं आडवी होतील.

ताई : नकोच मग. एखादा पाटा चिरलेला निघाला तर वेल्डिंग करून चालेल?

मिस्तरी : अजिबात नाही. पाट्याला पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते उतरतं आणि पाटा तिथंच तुटतो. चिरला की बदलायचा. तुमचे शाबूत आहेत. चकत्या, बुश आणि यू-बोल्ट, एवढंच काम. संध्याकाळी गाडी घेऊन जा आणि पाचेकशे किलोमीटर चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या. नवे बोल्ट थोडे बसतातच. त्या आवळण्याचे मी पैसे घेत नाही.